उडी मारून आवळलेलं चाक

"आई, गाडीची चावी दे," थोरला म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

मी चहा पीत होते. रविवारची सकाळ, अंघोळ झालेली, बहिणीकडे जायचं म्हणून इस्त्रीची साडी नेसलेली. सूनबाई गॅसपाशी पाठमोरी उभी होती. तिची पाठ ताठ झाली, तेव्हाच मी ओळखलं की हे रात्री दोघांचं बोलून झालंय आणि तिला ते पटलेलं नाही.

"कशाला?" मी विचारलं.

"पुरे झालं आता तुझं गाडी चालवणं. मागच्या रविवारी काय झालं, आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं? पाय दुखतात माझे, डोकं नाही. माझी धाकटी बहीण टेकडीवरच्या गावात एकटी राहते. तिचे गुडघे गेलेत, तिला उतरता येत नाही, आणि वर बस जात नाही. दर रविवारी मी गाडी काढते आणि जाते. दुपारभर आम्ही दोघी बसतो, जुन्या गोष्टींवरून भांडतो, दिवस कलला की मी परत येते. माझ्या आठवड्यातलं सुख म्हणाल तर ते एवढंच. तर मागच्या रविवारी अर्ध्या वाटेत पुढचं टायर बसलं. मी काही हातपाय गाळले नाहीत. डिकीत स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. पण चाकाचे नट सुटतील तर शपथ! पान्यावर मी हातांनी लोंबकळले, पायानं लाथा घातल्या, शेवटी चार शिव्याही घालून पाहिल्या. नट ढिम्म. वर त्या वळणावर फोनला रेंज नाही.

शेवटी एक ट्रकवाला थांबला. त्यानं पान्याच्या दांड्यात आपला लांब लोखंडी पाईप घातला, दात आवळून जोर लावला, तेव्हा कुठे ते सुटले. घाम पुसत म्हणाला, "मावशी, हे नट माणसानं आवळलेत की रेड्यानं?"

"माझ्या मुलानं," मी म्हटलं. बिचारा ओशाळला आणि निघून गेला.

आता हे आवळण्याचं काय ते सांगते. आमच्या घराण्याची ती रीतच आहे. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी उतारावर आमच्या गाडीचं चाक निखळलं होतं. चाक पुढे आणि आम्ही मागे. ते एका केशकर्तनालयात शिरलं, थेट खुर्चीपर्यंत गेलं. कुणाला खरचटलं नाही, पण आमच्या ह्यांनी जो धसका घेतला तो घेतलाच. त्या दिवसापासून चाक बसवलं की नट हातानं आवळायचे, मग पान्यावर उभं राहायचं आणि प्रत्येक नटावर तीन उड्या मारायच्या. लोक हसायचे. हे म्हणायचे, हसू देत. हे गेले आणि उड्या थोरल्याकडे आल्या. फरक एवढाच, की हे अंगानं काडीपैलवान होते आणि थोरला दारातून तिरका होऊन येतो. गेल्या महिन्यात त्यानं चारही टायर नवी बसवली. घरातली भांडी हलत होती.

"चाक बदलता येत नाही, तर माणसानं एकट्यानं गाडी काढू नये," थोरला मला समजावून सांगत होता. मी त्याची आई नसून शेजारची बालवाडीतली पोर असल्यासारखा आवाज होता त्याचा.

"अरे, पण आवळलेस तू!"

"तुझ्या सुरक्षिततेसाठी आवळले."

"आणि त्याच सुरक्षिततेपायी मी भर उन्हात रस्त्यावर उभी राहिले."

"म्हणून तर म्हणतोय. मी सोडत जाईन ना तुला मावशीकडे."

"कधी?"

"बघू की. वेळ मिळाला की."

बघू! या घरात 'बघू' म्हटलेली एक गोष्ट आजवर झालेली नाही. न्हाणीघरातला नळ दोन वर्षं गळतोय, त्याचंही हा बघतोच आहे. मी काय गळता नळ आहे? आणि खरं सांगू, एका रविवारचा प्रश्न असता तर मी सोडूनही दिलं असतं. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज चावी द्यायची, उद्या म्हणतील बँकेचं आम्हीच बघतो, परवा म्हणतील आई, तुला जिना झेपत नाही, खालीच बस. ह्यांच्या हयातीत मला स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नव्हती. हे गेल्यावर, केस पांढरे झाल्यावर, मी गाडी शिकले. शिकवणाऱ्या पोरीनं मला तीनदा नापास होताना पाहिलं आणि चौथ्यांदा पास झाले तेव्हा ती रडली. ती चावी मी अशी कुणाच्या हातावर ठेवणार नव्हते.

पण मी हे सगळं मनात बोलेपर्यंत त्यानं टेबलावरची चावी उचलली आणि खिशात टाकली. लेकाचा सरळ खिशात टाकून मोकळा!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, पदर खोचला.

"ठीक आहे. आत्ता तुझ्यासमोर चाक बदलते. बदललं, तर चावी माझी आणि यापुढे हा विषय या घरात काढायचा नाही. नाही बदललं, तर ठेव तुझ्याकडे."

"आई, राहू द्या ना, साडी खराब होईल," सूनबाई म्हणाली. तोंडानं म्हणाली. डोळ्यांनी म्हणाली, करा.

थोरला हसला. "बरं. पण कुणाची मदत घ्यायची नाही."

"तुझ्या बापाचीही नको," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

चाकही त्यानंच निवडलं. मागचं, उजवीकडचं. ते सगळ्यात शेवटी बसवलं होतं आणि तेव्हा साहेब चांगले रंगात आले होते.

अंगणात गाडी उभी होती, कुलूप न लावलेली. मी हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना विटा लावल्या, डिकीतून सामान काढलं. जॅक बाजूला ठेवला. आधी नट ढिले करायचे आणि मग गाडी उचलायची, एवढं मला कळतं. पाना पहिल्या नटावर चढवला, दांडा डावीकडे आडवा धरला आणि दोन्ही हातांनी खाली दाबला. काही नाही. पाय ठेवून दाबला. काही नाही. पूर्ण उभी राहिले, गाडीचा टप धरून. पान्यावर मी उभी, साडी आवरत, आणि नट आपला जागच्या जागी.

कंपाउंडच्या भिंतीवर कप दिसला, मग कपामागून आमचे शेजारी दिसले. निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ गल्लीभर सल्ले वाटत असतात. आम्ही त्यांना सल्लागारच म्हणतो, तोंडावरसुद्धा.

"वहिनी, तापवा त्याला," ते म्हणाले. "लोखंड तापलं की सैल पडतं."

"शेजारी टायर आहे, त्याचं काय करू? होळी?"

"मग मेकॅनिकला बोलवा. आपलं वय काय, आपण करतो काय!"

"तुमचं वय काय आणि तुम्ही सकाळपासून भिंतीवर काय करताय?" मी विचारलं. ते घोटभर चहा प्यायले आणि तिथेच राहिले. फुकटची करमणूक कोण सोडतो?

मी डिकीतला गंज सोडवायच्या तेलाचा डबा काढला आणि चारही नटांच्या मुळाशी तेल सोडलं. तेल आत उतरायला वेळ लागतो. म्हणून मी पायरीवर बसले आणि उरलेला चहा मागवला. थोरल्याला वाटलं, म्हातारी थकली. पायऱ्या उतरून आला.

"सुटत नाहीयेत ना? कबूल कर आणि आत चल."

"तेल मुरतंय."

"अहो, तुम्हीच आवळलेत ना ते?" सल्लागार भिंतीवरून थोरल्याला म्हणाले. "मग तुमच्या हातून एका झटक्यात सुटायला पाहिजेत."

झालं. थोरल्याचं नाक लाल झालं. लहानपणापासून त्याला डिवचलं की हे असं होतं. "सुटतात की. त्यात काय! आई, दे इकडे, तुला दाखवतो," म्हणाला. मी म्हटलं, दाखव बाबा. त्यानं शेवटचा, खालचा नट निवडला, पाना अर्धवट चढवला, दांड्यावर उभा राहिला आणि मारली घराण्याची उडी. पहिल्या उडीला काही झालं नाही. दुसऱ्या उडीला पाना सटकला आणि आमचं रत्न सरळ जमिनीवर बसलं. नडगीची साल निघाली. भिंतीवरचा कप हिंदकळला.

हसू आलं मला, खोटं कशाला बोलू? पण लगेच मी धावले, त्याचा पाय चाचपला. हाड शाबूत होतं. सूनबाई कापूस घेऊन आली आणि ओठ चावत त्याची नडगी पुसायला लागली.

मी नटाकडे पाहिलं. त्याचे कोपरे गेले होते. आता पाना त्यावर धरणार नव्हता, नुसताच फिरणार होता. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तीन नट माझ्या हातचे होते, चौथ्याची यानं वाट लावली.

"गंजलेत ते," थोरला धापा टाकत म्हणाला. "आता कुणाच्यानं सुटायचे नाहीत. मी मेकॅनिकला फोन करतो. विषय संपला."

"आणि चावी?"

"चावी माझ्याकडे. नाही ना बदललंस चाक?"

"वा रे न्याय! पडलास तू आणि हरले मी?" मी ओरडले. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. उघडू देत. "बस तिथे पायरीवर. पाय लांब कर आणि बघ. माझं अजून संपलेलं नाही."

तो बसला. चाळिशी उलटली तरी आईनं त्या आवाजात सांगितलं की मुलं बसतात.

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचा लोखंडी पाईप आहे, दोन खांबांवर आडवा टाकलेला. त्यावर थोरल्याचे आठवडाभराचे ऑफिसचे शर्ट वाळत होते. मी सगळे शर्ट भिंतीवर टाकले, पाईप उचलला आणि खांद्यावर घेऊन पुढे आले. सूनबाईनं पाहिलं, शर्टांकडे पाहिलं आणि एक अक्षर बोलली नाही. गुणाची आहे.

पाना पहिल्या नटावर पूर्ण आत बसवला, हातोडीनं ठोकून. दांड्यात पाईप घातला. आणि आधी उलट्या बाजूला, म्हणजे आवळायच्या बाजूला, हलकासा झटका दिला.

"अगं आई, आवळतेस तू!" थोरला पायरीवरून किंचाळला.

"गप्प बस. माहितेय मला."

खरंच माहीत होतं. हे गाडी दुरुस्त करायचे तेव्हा बॅटरी कोण धरायचं? मी. सबंध संसार मी बॅटरी धरली. "इकडे दाखव! अगं इकडे! झोपलीस का?" हे ऐकत धरली. हत्यारांच्या पेटीला हात लावायचा नाही, मधे बोलायचं नाही, नुसता उजेड पाडायचा. पण उजेड पाडणाऱ्या माणसाला दिसतंच की सगळं! चिकटलेला नट हे आधी केसभर आवळायचे, जाम मोडायचे आणि मग सोडवायचे.

मग मी पाईपच्या टोकाला गेले आणि त्यावर पोट टेकून सगळा भार टाकला. उडी नाही, झटका नाही, नुसता भार. पाईप वाकेल असं वाटलं. आणि 'कट्ट' असा आवाज झाला.

"मोडला!" सल्लागार म्हणाले.

मलाही तेच वाटलं. श्वास रोखून पाना हलवून पाहिला. नट फिरत होता. अलगद, बोटानं फिरत होता. मी पायरीकडे बघितलं. दुसरा त्याच पद्धतीनं सुटला. तिसऱ्यानं जीव खाल्ला, माझ्या तळहाताला फोड आला, पण तोही सुटला.

चौथा उरला. कोपरे गेलेला.

मी घरात गेले आणि ह्यांची हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली ओढली. धुळीनं शिंका आल्या. आत सगळं जसंच्या तसं, मापाप्रमाणे लावलेलं. इतका राग आला ह्यांचा! एकदा, फक्त एकदा, म्हणाला असतात, ये, तू करून बघ, तर काय बिघडलं असतं? आणि त्याच क्षणी वाटलं, आत्ता इथे असायला हवे होतात, एकदा बॅटरी धरून उभे राहिला असतात. जाऊ दे. नटाच्या मापापेक्षा किंचित लहान असलेला बॉक्स पाना शोधला, बाहेर आणला, त्या झिजलेल्या नटावर ठेवला आणि हातोड्यानं ठोकायला सुरुवात केली. दहा घाव, वीस घाव, मोजले कुणी? प्रत्येक घावाला मी काहीतरी म्हणत होते. काय ते इथे सांगण्यासारखं नाही. सल्लागार भिंतीवरून अर्धे खाली गेले.

पाना नटावर घट्ट रुतला. दांडा लावला, पाईप लावला, आणि पोट टेकलं. सरकला नाही. पुन्हा टेकलं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सूट मेल्या, माझी बहीण वाट बघतेय!" आणि तो सुटला.

सूनबाईनं टाळी वाजवली आणि लगेच नवऱ्याकडे पाहून हात मागे लपवले.

पुढचं सगळं साध्या कष्टाचं काम. जॅकनं गाडी उचलली. जुनं चाक काढून भिंतीला टेकवलं. पंक्चर काढलेली स्टेपनी गडगडवत आणली, जमिनीवर बसले आणि दोन्ही पायांनी ती उचलून जागेवर ढकलली. साडीची पार लक्तरं झाली. कोपरे गेलेला नट फेकून दिला आणि पेटीतला नवा लावला. ह्यांच्या पेटीत नाही अशी वस्तू नव्हती. गाडी खाली घेतली आणि समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, हाताच्या जोरानं.

थोरला लंगडत आला. पाय पान्याकडे निघालाच होता.

"उडी नाही," मी म्हटलं.

"अगं पण सैल राहिलं तर?"

"थोडं अंतर गेल्यावर थांबेन आणि पुन्हा एकदा आवळून बघेन. हाताच्या जोरानं जेवढं बसतं तेवढं पुरतं. जगाची चाकं अशीच चालतात." मी हात पुढे केला. "चावी."

त्यानं खिशात हात घातला. पण तो हात बाहेर येईना.

"आई, तू जिंकलीस," तो म्हणाला. "पण नको ना जाऊ."

"म्हणजे?"

"चाकाचं काही नाही गं. मागच्या रविवारी तुझा फोन लागत नव्हता. मी फेऱ्या मारत होतो. काय काय आलं डोक्यात, तुला कसं सांगू. प्रत्येक वेळी फोन वाजला की वाटायचं, आता कुणीतरी अनोळखी माणूस भलतंच काही सांगणार. मला नाही सहन होत. मला भीती वाटते."

असं होय! चाक, नट, वय, सगळं वरवरचं. खरं हे होतं, आणि सकाळीच सांगितलं असतं तर माझी साडी वाचली असती. एवढा आडदांड माणूस, लहान पोरासारखा उभा होता. माझा जीव कालवला. वाटलं, जाऊ दे, नाही जात. जवळ घ्यावं आणि म्हणावं, बरं बाबा, ठेव चावी.

नाही म्हटलं मी.

"ऐक," मी म्हटलं. "तू अठराचा झालास, तेव्हा ह्यांनी मोटारसायकलची चावी कुलपात ठेवली होती. आठवतं? ती तुला कुणी काढून दिली?"

त्याच्या खिशातली चावी वाजली.

"मी दिली. ह्यांच्याशी भांडून दिली. आणि तू बाहेर पडलास की खिडकीत जाऊन उभी राहायचे, तू येईपर्यंत. तेव्हा तर फोनही नव्हते. भीती मलाही वाटायची, रोज वाटायची. पण ती मी कधी तुझ्या पायात अडकवली नाही. माझी भीती मी सांभाळली. तुझी तू सांभाळ."

सल्लागार कपात बघायला लागले. मग थोरल्यानं हात बाहेर काढला आणि चावी माझ्या तेलकट हातावर ठेवली.

जुनं चाक मी डिकीत टाकलं आणि गाडीत बसले, तशीच, फाटक्या साडीत. बहीण हसणार होती, हसू दे. इंजिन सुरू केलं. तो खिडकीशी वाकला.

"किती वाजेपर्यंत येशील?"

"तू सांगून जायचास?"

गाडी फाटकाबाहेर काढली. कोपऱ्यावर वळताना आरशात पाहिलं. तो फाटकात उभा होता, जखमी पाय उचलून, एका पायावर. सूनबाई त्याला आत चला म्हणत असावी, पण तो हलत नव्हता. तरी ब्रेकवर पाय ठेवला नाही. म्हटलं, राहा उभा. मीही राहिले होते.